तुळशीची माती घेऊन नागपूरला

नागपूरला माणसं लग्नाला जातात, मोर्चाला जातात, संत्री आणायला जातात. मी गेले होते नणंदेची लबाडी पकडायला. वय एकतीस, अक्कल आठ वर्षांच्या पोरीची, आणि त्या अकलेवरचा भरवसा मात्र गावच्या पाटलिणीचा. आता सत्तरी ओलांडल्यावर तो भरवसा पार आटला आहे, म्हणून हे न लाजता लिहिता येतं.

एमर्जन्सी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. आमचं गाव सांगलीच्या बाजूला, कृष्णाकाठी. सासूबाईंनी जाण्याआधी उसाच्या रानातला दहा गुंठ्यांचा तुकडा मला मिरचीसाठी तोंडी देऊन टाकला होता. त्या घरात माझ्या मर्जीनं चालणारी तेवढीच एक जागा. तिथं काय लावायचं, कधी खुडायचं, मसाल्यात कुठली मिरची किती घालायची, हे मी ठरवायची. बाकी घरात भाजीत मीठसुद्धा विचारून पडायचं.

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला माझी थोरली नणंद, शालनवन्सं, नागपूरहून आल्या तेव्हा त्यांनी तिकडच्या भिवापुरी मिरचीचं बी आणलं आणि पुरचुंडी थेट माझ्या हातात ठेवली. आमच्याकडं मीठ-मिरची कुणी हातातून हातात देत नाही. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. हातात दिली की भांडण होतं म्हणतात. ते मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

पहिल्या वर्षी मिरची छान आली. दुसऱ्या वर्षी रोपं रुसल्यासारखी खुजी राहिली. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा विस्तवावर धरल्यासारख्या करपल्या, फुलं गळाली, आणि बुडाशी ओल असूनही झाडं दुपारी माना टाकायला लागली. दिवाळीपर्यंत निम्मी मेली. हे एकदा बांधावर उभे राहिले, पाहिलं, आणि म्हणाले, "पाडव्यापासनं हितं बी ऊस. तुझी जमीन मेली."

"जमीन न्हाई, बी मेलेलं हाय," मी म्हणाले. "तुमच्या बहिणीनं दिलेलं."

"मग दाखव सिद्ध करून."

त्यांना वाटलं, ही फार तर सांगलीपर्यंत जाईल. शेजारच्या बायकांनी तर निकालच लावला होता: नणंदेनं बी गरम राखेतून काढून दिलं असणार, बाहेरून साजरं, आतून भाजलेलं. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं. बी खोटं ठरलं तर तुकडा माझा राहणार होता, जमीन खोटी ठरली तर जाणार होता. पहिल्या वर्षी त्याच बियांनी मला तीन पोती मिरची दिली, हे मी कुणाला सांगत नव्हते. स्वतःलाही नाही.

माती तपासून देणारी कचेरी सांगलीतही असेल. पण तिथला साहेब यांच्या ओळखीचा निघाला तर? म्हणून नागपूर. तिथं माती तपासून तिच्या चांगुलपणाचा सरकारी कागद घ्यायचा, आणि तोच कागद वन्संच्या पुढ्यात ठेवून बियांबद्दल जाब विचारायचा, असा माझा दुहेरी डाव होता.

आता माझ्या शहाणपणाचा कळस ऐका. माती दाखवायला न्यायची म्हणजे मुलगी दाखवायला न्यायची, अशी माझी समजूत. परक्या माणसापुढं रानातली ढेकळं कशी ठेवायची? मी दारातल्या तुळशी वृंदावनातली माती घेतली. उन्हात वाळवली, पिठाच्या चाळणीनं चाळली, खडे निवडले, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली. शिवाय वन्संच्या बियांविरुद्ध पुरावा म्हणून शेतातली तीन मेलेली झाडं मुळासकट, मुळांच्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळली. गावचे मास्तर आणि त्यांची बायको नागपूरला लग्नाला निघालेच होते, त्यांच्याबरोबर मिरजेला गाडीत बसले. गाडीतलं काही सांगण्यासारखं नाही. मी दोन दिवस डब्यावर डोकं ठेवून झोपले आणि माझी मान वाकडी झाली.

महाल

नागपूरची जानेवारीतली थंडी हाडांशी बोलते. स्टेशनवर वन्संचे यजमान, आमचे दाजी, मफलर कानावर गुंडाळून उभे होते.

"या सुमनबाई. थंडी वाजून राहिली असेल ना? आणा ते सामान इकडं."

"राहू दे दाजी, हलकं हाय," म्हणत मी पिशवी दोन्ही हातांनी उचलली.

दाजींनी पिशवीकडं पाहिलं, माझ्या वाकड्या मानेकडं पाहिलं, आणि सायकलरिक्षा ठरवली.

महाल या जुन्या वस्तीतल्या घराच्या दारात वन्संनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "अवं माय, किती वाळली वं तू!"

त्या माझ्याच घरातून तिकडं गेलेल्या. पण अठरा वर्षांत "मला"चं "मले" झालं होतं, "का"चं "काहून" झालं होतं. ज्या बाईनं बोली बदलली तिनं आणखी काय काय बदललं असेल, असा माझ्या डोक्यात लगेच किडा.

जेवायला गोळाभात होता. बेसनाचे गोळे भातातच शिजवलेले, आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी थेट भातावर ओतायची. आमच्याकडं भातावर तूप पडतं, तेही मोजून. इथं वाटीभर तेल. मी बाजूला सारत खाल्लं, मग न सारता खाल्लं, मग आणखी मागितलं. एवढ्यात वन्संनी लाल तिखटाची चिमूट माझ्या तळहातावर ठेवली. "चाखून पाह. तुले दिलं होतं ना, त्याच बियाचं."

पुन्हा हातात! तिखट असं लाल की तळहात रंगला. चाखलं तर डोळ्यांतून पाणी. वन्सं म्हणाल्या, "काहून, रडून राहिली का?" आणि दाजी भातात तोंड खुपसून हसले.

मला मात्र तिखटाहून त्यांची नजर झोंबत होती. दोघंही येता-जाता माझ्या पिशवीकडं बघायचे.

"एवढं जड काय आणलं वं?" वन्संनी विचारलं.

"फराळाचं."

"मग काढ ना बाहेर."

"परतीच्या वाटेसाठी हाय."

दाजींनी घसा साफ केला. "सुमनबाई, काही कागद-बिगद आणले असतील तर आधी सांगा. चष्म्याचा नंबर वाढला आहे, वाचायले वेळ लागते मले."

कागद? कसले कागद? मला काही कळेना. पण संशयी माणसाला कळलं नाही की तो जास्त खूश होतो. मी ठरवलं, हे दोघं काहीतरी लपवून आहेत.

दुपारी डुलकी काढून उठले तर पिशवीची गाठ बदललेली. मी गाठ मारते ती नेहमी डावीकडून. ही उजवीकडून होती. पिशवी उघडून डबा बघितला होता! माझा आनंद काय सांगू. चोर सापडला, फक्त मुद्देमाल शोधायचा राहिला होता.

धंतोलीच्या पुढं

दुसऱ्या दिवशी सकाळी मी "जरा बाजार बघून येते" म्हणून एकटीच निघाले. रिक्षा धंतोलीतून गेली. जिकडं बघावं तिकडं डॉक्टरांच्या पाट्या, आणि फाटकांपाशी यवतमाळ-भंडाऱ्याहून आलेली माणसं, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात बाटली. त्यांच्यामधून मी मांडीवर मातीचा डबा घेऊन चालले होते. माझा पेशंट सगळ्यांत निरोगी होता, पण ते मला कुठं ठाऊक!

माती तपासायची कचेरी म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून कापडी पिशव्यांमध्ये गावोगावची माती, प्रत्येकीवर चिठ्ठी. तपकिरी स्वेटर घातलेले मेश्राम नावाचे एक बाबू तिथं बसायचे. पन्नाशीचे, सडसडीत, आवाज हळू. त्यांनी माझा डबा उघडला, चिमूटभर माती दोन बोटांत चोळली, हुंगली.

"कुठली?"

"आमच्या शेतातली."

"पीक?"

"मिरची."

"येत नाही?"

"मरती."

त्यांनी पुन्हा डब्यात पाहिलं. "या मातीत? बाई, या मातीत छत्रीची काठी रोवली तरी तिले पालवी फुटन."

मी मान ताठ केली. वाकडी होती तेवढी ताठ केली. "मग दोष बियाचाच की."

"तसं मी नाही म्हटलं." त्यांनी काडीनं एक लाल कण बाजूला काढला. "हे काय आहे? कुंकू?"

"आमच्याकडं शेताची पूजा करत्यात."

"रोज?"

"रोज," मी ठोकून दिलं.

"मोठे धार्मिक लोक आहात," मेश्राम म्हणाले आणि मातीत पाणी घालून नळी हलवायला लागले. तिच्यात थेंब टाकले, रंग आला तो एका पट्टीशी लावून पाहिला. मग क्षार मोजायचं, काटा असलेलं एक यंत्र. काटा जागचा हलला नाही. मी त्यांच्या हातांवर डोळे लावून बसले होते, मध्येच माती बदलतील म्हणून. संध्याकाळी या म्हणाले, तर मी गेलेच नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

कागद मिळाला. आम्लपणा बेताचा, क्षार नाहीत, कुजलेलं खत भरपूर, जमीन उत्तम. शिक्का.

"एक सांगू का?" मेश्राम म्हणाले. "हा कागद या डब्यातल्या मातीचा आहे. शेताचा नाही, झाडाचा नाही, आणि तुमच्या बोलण्याचा तर नाहीच."

याला वन्संनी फितवलं असेल काय, असा विचार करत मी रिक्षात बसले. कागद मात्र पोलक्यात.

भिवापूरच्या अलीकडं

दाजी गिरणीत कारकून, पण घरचं शेत भिवापूरच्या अलीकडं, आणि ते वन्संच सांभाळायच्या. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं एस्टीनं तिकडं गेलो. उमरेड मागं पडलं आणि रस्त्याच्या कडेचा रंग बदलला. सातरे लागले. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं, देठ खुडायचं मोकळं आवार. जमिनीवर लाल सतरंजी अंथरावी तशी मिरची, आणि तिच्यामध्ये तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला ज्या शिंका लागल्या त्या शेतात पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. कंडक्टर म्हणाला, "पहिल्यांदा आल्या वाटते." सगळी गाडी हसली.

शेत बघून मी बांधावरच थबकले. माझ्या कमरेला लागतील अशी झाडं. हिरवी पानं, आणि पानांखाली लालच लाल. रान एका बाजूला हलकं उतरतं. मातीचे वरंबे उंच, झाडं वरंब्यावर, पाणी जायला मध्ये सऱ्या. आमच्याकडं मी सपाट वाफ्यात रोपं लावायची आणि वाफा तुडुंब भरायची. माया म्हणजे पाणी, असा माझा हिशोब.

"हे त्याच बियाचं?" मी विचारलं.

"मग काय तर."

खोटं! मला दिलेलं वेगळं होतं, हे वेगळं आहे. मी खाली वाकून झाड तपासायला लागले. जसं काही त्याच्या देठावर नाव लिहिलेलं असणार.

विहिरीकडं निघालो तेव्हा सरळ वाट समोर दिसत असताना वन्संनी मला वरच्या बांधानं वळवलं.

"हितनं जवळ हाय की," मी म्हणाले.

"तिकडं काटे आहेत वं."

"मी चप्पल घातलीया."

"म्हटलं ना, इकडून चाल!"

आवाज चढला. माझे कान टवकारले. तिकडं नाल्याच्या कडेला काहीतरी होतं, जे मला दाखवायचं नव्हतं. जेवायच्या वेळी दाजी चुलीवर वांगं भाजत होते, वन्सं भाकऱ्या थापत होत्या. "तोंड धुऊन येते," म्हणून मी सटकले आणि थेट नाल्याकडच्या कोपऱ्यात.

तिथं पन्नास-साठ झाडं होती. गुडघ्याएवढी. पिवळी. कडा करपलेल्या, पानं आत वळलेली, एखाददुसरी वाकडी मिरची. सापडलं! यांचंही बी खोटं, आणि ते लपवून ठेवलंय! मी दोन पावलं पुढं टाकली आणि माझी चप्पल चिखलात रुतून तिथंच राहिली.

अनवाणी पायाला थंड, चिकट लागलं. खाली पाहिलं. ओल्या मातीच्या कडेला पांढरी बुरशी धरल्यासारखा थर होता. असा थर मी रोज बघत होते, माझ्या तुकड्यात, उसाच्या बाजूनं. दव वाळलं असेल, असं म्हणत होते. मी खाली बसले आणि एक झाड उपटलं. ते विरोध न करता वर आलं. मूळ काळं पडलेलं. त्याची साल उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखी बोटांत सुटून आली. वासही तोच, सांडपाण्याच्या खड्ड्याचा.

माझीच झाडं होती ती. तीनशे कोसांवर येऊन मला माझीच झाडं भेटली.

"काय शोधून राहिली वं?" मागं वन्सं उभ्या होत्या. हाताला भाकरीचं पीठ.

आता माघार घेईल ती मी कसली! "तुमचं बी! मला भाजकं बी दिलं आन् स्वतःचं रान लालेलाल! वर हातात दिलं, मुद्दाम!"

"भाजकं? मी?" त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. "आणि तू वं? तू काय घेऊन आली त्या डब्यात? पाहिलं मी. माती! आमच्या बाच्या रानातली माती! माझ्या हातावर ठेवून शपथ घालायले आणली ना? वाटा सोडला म्हण, आणि कर सही. पाठवलं ना माझ्या भावानं?"

आमच्याकडं जमिनीचा वाद असला की शेताची माती तळहातावर घेऊन शपथ घेतात, ती मोडत नाहीत. आणि सासू-सासरे दोघंही गेल्यापासून वन्संचं हक्कसोडपत्र राहिलेलं होतं, हेही खरं. दाजींचा चष्मा, ते कागद, ती पिशवीची गाठ, सगळं एकदम माझ्यासमोर उलगडलं. तीन दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवत होते आणि त्या माझ्यावर.

"शपथेची न्हाई ती," मी म्हणाले. "तपासायला आणली."

"कोणत्या तुकड्यातली?"

मी चिखलातली चप्पल ओढायला लागले.

"सुमन, कोणत्या तुकड्यातली?"

"तुळशीची."

"काय?"

"दारातल्या वृंदावनातली. चाळून आणली. साहेबासमोर बरी दिसावी म्हणून."

वन्संनी तोंडावर हात ठेवला, पीठ नाकाला लागलं, आणि त्या जागेवरच, त्या चिखलात, फतकल मारून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि ते काही थांबेना. शेवटी म्हणाल्या, "आईची तुळस डब्यात घालून फिरतीस होय गं? घरी गेल्यावर मला त्यातली एक मूठ दे. कुंडीत घालीन."

दाजी हाका मारत आले तेव्हा आम्ही दोघी चिखलात बसलेलो.

"तो कोपरा पाहिला का शेवटी?" ते म्हणाले. "आम्ही तो कोणाले दाखवत नाही. लाज वाटते. खोलगट आहे, नाल्याचं पाणी मुरते. यंदा रोपं उरली म्हणून हिनं लावली. मी म्हटलं होतं, मिरचीले पाणी पाहिजे, पण पाण्यात पाय बुडवून नाही उभी राहत ते." मग बाकीच्या रानाकडं हात करून म्हणाले, "तिकडंबी दर वर्षी मिरची नाही टाकत आम्ही. एक वर्ष मिरची, एक वर्ष जवारी नाहीतर तूर. जमिनीलेबी तोंड बदलायले लागते."

वांगं तोवर जळून कोळसा झालं होतं. मी म्हणाले, चांगलं लागतंय. तीन दिवसांत बोललेलं माझं ते पहिलं निव्वळ भलेपणाचं खोटं.

पुन्हा ती कचेरी

चौथ्या दिवशी वन्सं बरोबर आल्या. मेश्रामांनी मला पाहिलं आणि खुर्ची मागं सारली. "आता काय, देव्हाऱ्यातली आणली का?"

मी वर्तमानपत्र उलगडलं. मेलेली तीन झाडं, मुळाला वाळलेलं ढेकूळ. त्या ढेकळाच्या कडेला तोच पांढरा थर. ते आठवडाभर माझ्या पिशवीत होतं आणि मी चाळलेल्या मातीचा डबा कवटाळून बसले होते.

मेश्रामांनी ढेकूळ खरवडलं, पाण्यात घोळलं, यंत्राचा दांडा बुडवला. काट्यानं अशी उडी घेतली की वन्सं मागं सरल्या.

"साक्षीदार तुम्हीच आणला, आणि तो तुमच्याच उलट बोलून राहिला," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी कशी होती मिरची?"

मी वन्संकडं पाहिलं. "चांगली."

"चांगली म्हणजे?"

"तीन पोती."

वन्संनी मला असा चिमटा काढला की अजून आठवतो.

"मग बियाले काय रोग आहे? बाजूले काय पीक आहे?"

"ऊस. तिन्ही बाजूंनी. पाटाचं पाणी, बारा महिने."

"आणि तुमचा तुकडा खाली?"

"जरा खोलगट हाय."

त्यांनी कागदावर एक आडवी रेघ काढली, खाली एक खळगा. "हे पाहा. उसाले दिलेलं पाणी त्याच्या पोटात मावत नाही. उरलेलं जमिनीच्या आतून तुमच्या खळग्यात येऊन बसते. ऊन पडलं की पाणी उडून जाते, पाण्यातलं मीठ मात्र नाही उडत. ते वर येऊन बसते. दर वर्षी एक थर. मग मुळाले पाणी दिसते, पण पिता येत नाही, मीठ ओढू देत नाही. तुमची मिरची पाण्यात उभी राहून तहानेनं मेली, बाई. आणि तुम्ही ती सुकली म्हणून अजून पाणी घातलं असन."

घातलं होतं. घागरी डोक्यावर घेऊन घातलं होतं.

"मंग आता?" वन्संनी विचारलं.

"उसाच्या बाजूनं खोल चर काढा, खालच्या ओढ्यापर्यंत. पाणी निघून गेलं पाहिजे. पावसानं मीठ धुऊन जाऊ द्या. हिरवळीच्या खताचा ढेंचा पेरून तो हिरवाच गाडा. दोन वर्षं मिरचीचं नाव काढू नका. नाहीतर दुसरं पीक लावा, तेबी मरन."

"ऊस?"

"ऊस जरा दम धरते. पण किती दिवस?"

दुसरा कागद मिळाला. जमीन खारवट, निचरा नाही. शिक्का तोच, सही तीच.

परतीला रिक्षात माझ्या मांडीवर दोन कागद होते. एक दाखवला असता तर जमीन उत्तम, बी खोटं, तुकडा माझा. दुसरा दाखवला तर यांचं म्हणणं खरं: जमीन मेली, लावा ऊस. चर काढायचा तर तो यांच्या उसातूनच जाणार, ओळीच्या ओळी तोडाव्या लागणार. माझ्या मिरचीसाठी ते उसाचं एक कांडं तोडतील, हे मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

वन्सं गच्चीवर संत्री सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "पहिला कागद दाखव त्याले."

"आन् तुमचं नाव?"

"माझ्या बियाचं नाव खराब होईन, एवढंच ना? मी इथं, बोलणारे तिथं. तुझा तुकडा तर राहीन."

माणसाचा स्वभाव बघा. तीन दिवस जिच्यावर आळ घेतला ती बाई माझ्यासाठी तो आळ डोक्यावर घ्यायला निघाली होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: ही एवढी चांगली का वागते आहे? हिला काय हवंय? मी तसं विचारूनही टाकलं.

वन्संनी फोड माझ्यापुढं धरली. "तुले संशयाशिवाय झोप येते का वं?"

मी फोड घेतली. आंबट होती. मग म्हणाले, "पहिला कागद दाखवून तुकडा राहील, पण मिरची काय येणार न्हाई. दुसराच दाखवते. जाईल तर जाईल."

त्यांनी सालं गोळा केली. मग आत गेल्या आणि ट्रंक ओढायचा आवाज आला.

"काय करताय?"

"साड्या भरून राहिली. मीबी येते. तुझं ऐकणार नाही तो. माझं ऐकावंच लागते त्याले, माझी सही अजून झाली नाही."

घरी

यांनी दोन्ही कागद वाचले, दोन्ही बाजूंनी वाचले. "म्हंजी जमीन मेली. मी काय म्हनत हुतो?"

"मेली नाही, बुडाली," वन्सं म्हणाल्या. "तुझ्या उसात. चर काढ."

"ताई, आगं चार वळी तोडाव्या लागत्याल."

"तोड."

"उभा ऊस?"

"या रानात माझा वाटा हाय का न्हाई?" माहेरच्या ओट्यावर बसल्या बसल्या त्यांचं "मले" कुठल्या कुठं गेलं. "सोडलाय मी? न्हाई ना? मग समज, त्या चार वळी माझ्या वाट्याच्या. तोड माझ्या."

हे माझ्याकडं असे बघत होते की जणू मी नागपूरहून बहीण नाही, वकील घेऊन आले. पण कोयता काढला.

पुढचं थोडक्यात सांगते. मिरची पुन्हा यायला तीन पावसाळे जावे लागले. तोवर मी ढेंचा पेरला आणि गाडला, आणि येणारे-जाणारे विचारायचे, हे कसलं गवत लावलंय. वन्संचं नाव उताऱ्यावरून कधी निघालं नाही, आणि मी कधी काढा म्हटलं नाही.

पण खरं आठवतं ते चर ओढ्याला भिडला त्या दिवशीचं. सकाळची वेळ होती. शेवटचा मातीचा बांध यांनी कुदळीनं फोडला आणि उसाच्या बाजूनं गढूळ पाणी हळूहळू सरकत आलं. मी वाकले, बोट बुडवून चाखलं. वन्संनी चाखलं आणि थू करून तोंड पुसलं.

"खारट हाय," मी म्हणाले.

यांनी कुदळ टेकवली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं, मग माझ्या पदराच्या गाठीकडं. "तुम्ही दोघींनी मीठ कालवलं न्हाई कशावरनं?"

आणि आम्ही दोघी काही बोलायच्या आत ते कुदळ उचलून चराच्या कडेनं वर चालू लागले. दहा पावलं गेले, वीस गेले, पार उसाच्या आत दिसेनासे झाले. आतून पाण्यात हात घातल्याचा आवाज आला. मग थू केल्याचा. मग कुदळीचे घाव ऐकू यायला लागले. ते वरच्या अंगाला चर आणखी खोल करत होते.